मुंबईचे वाढते वय : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न.

मुंबईच्या २०३४पर्यंतच्या विकास आराखड्यात वृद्धांचा पुरेसा विचार नाही, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे, की शहरात लोंढे येत आहेत, पाणी आणि लोकल पुरत नाहीत, घरे परवडत नाहीत, आणि ‘गिरगावातल्या वडिलोपार्जित खोलीत बसून तुम्हाला मात्र म्हाताऱ्यांची चिंता’. मतभेदाला माझी हरकत नाही. टोपणनावाआडून कोणाच्या घरात डोकावण्याला आहे. आराखड्यावरील लेखात लेखकाच्या खोलीचा संबंध काय, हे आपणच सांगावे.

एक गोष्ट मान्य करतो. लेखात दिलेले, २०११च्या जनगणनेतील साठ वर्षांवरील व्यक्तींचे सुमारे ९.९ टक्के हे प्रमाण संपूर्ण महाराष्ट्राचे आहे, मुंबईचे नव्हे. लेखात ते अधिक ठळकपणे सांगता आले असते.

आता खोलीचा विषय आपण काढलाच आहे, तर ऐका. तिसरा मजला, लाकडी जिना, लिफ्ट नाही. आम्ही भावंडे तिथेच वाढलो, आणि लग्ने झाल्यावर जागा पुरेना म्हणून दोघे भाऊ डोंबिवलीला आणि बहीण बदलापूरला गेली. आईवडील मागे राहिले. आमच्या चाळीत घरोघरी हेच झाले. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे उपनगरे वगळून गिरगावासह दक्षिणेकडील जुन्या मुंबईची, लोकसंख्या २००१मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११मध्ये ३०.८५ लाखांवर आली. त्याच दशकात, तेव्हा अविभाजित असलेला ठाणे जिल्हा सुमारे ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. आपण ज्याला लोंढा म्हणता त्यात माझे भाऊही आहेत. एका टोकाला गर्दी वाढते तेव्हा दुसऱ्या टोकाला जिना न उतरू शकणारी माणसे उरतात, आणि एकाच महानगराच्या या दोन बाजू आपण एकमेकींविरुद्ध उभ्या करता, हे मला केवळ घाईचे नव्हे, तर बेपर्वाईचे वाटते.

१९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाला विकास आराखड्याची वीस वर्षांतून एकदा सुधारणा अपेक्षित आहे. पुढील वीस वर्षांत किती माणसे शहरात येतील हे रोजगारावर आणि भाड्यांवर अवलंबून असते, म्हणून तो अखेर अंदाजच. परंतु २०१४ साली जे चाळीस वर्षांचे होते, त्यांतील हयात असणारे २०३४ साली साठ वर्षांचे असतील, यात अंदाजाचा भाग फार थोडा आहे. शिवाय २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा एकूण जननदर, अर्थात एका स्त्रीमागे सरासरी मुलांची संख्या, १.७ आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राखण्यासाठी लागणाऱ्या २.१पेक्षा कमी. तरीही एकूण डोक्यांना दरडोई चौरस मीटरांनी गुणून शाळा, मैदाने आणि दवाखान्यांची गरज काढायची असेल, तर त्या डोक्यांचे वय विचारायचे कधी?

केवळ गर्दी मोजली की काय होते, ते २००८मध्ये वांद्र्याला सुरू झालेल्या स्कायवॉकपासून पाहता येते. स्थानकाबाहेरची गर्दी वर नेण्याची कल्पना वाईट नव्हती, पण ज्यांचे गुडघे वरपर्यंत जाऊ देत नाहीत ते खालून, रिक्षांच्या मधून, चालत राहिले. (पदपथ नीट केले असते तर दोघांचीही सोय झाली असती; पण पदपथाचे उद्घाटन कोण करणार?)

पाणी, लोकल आणि घरांच्या किमती यांविषयी आपल्यात वादच नाही, म्हणून त्यात शिरत नाही. आराखड्याचे नकाशे आपण उघडून पाहिले आहेत का, हे प्रतिक्रियेवरून कळत नाही. पाहिले असल्यास आपल्या विभागातील सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या जागांपैकी कोणत्या आरक्षणावर आपला आक्षेप आहे, ते नेमके लिहा. त्यावर जरूर बोलू.