बारा वर्षांनी एकदा येणारी टीम
लायन्स म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंची रग्बी टीम. तिच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या महागड्या तिकिटांना कुणी सरळ लूट म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. ही टीम ऑस्ट्रेलियात बारा वर्षांनी येते, २०१३ नंतर थेट २०२५, म्हणजे आपला सिंहस्थच की! २०२१ ला साऊथ आफ्रिकेत तर कोविडमुळे रिकाम्या स्टेडियममध्ये खेळले, खिशात पैसे असून उपयोग शून्य. मेलबर्नच्या टेस्टला नव्वद हजारावर पब्लिक, वॅलाबीज (ऑस्ट्रेलियाची टीम) २३-५ ने पुढे आणि शेवटच्या मिनिटाला लायन्सच्या ह्यूगो कीननच्या ट्रायवर (रग्बीत बॉल समोरच्यांच्या गोल-रेषेपलीकडे टेकवून मिळणारे गुण) लायन्स २९-२६ ने जिंकले, असलं बघायला जास्त पैसे गेले तरी चालतील. फक्त एमसीजीत (मेलबर्नचं ते स्टेडियम) वरच्या मजल्याचं महाग तिकीट नका घेऊ, क्रिकेटचं गोल ग्राउंड ते, रग्बी फार लांब पडते, त्यापेक्षा टीव्ही बरा.