काकाजींचं केळं

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या हजेरीच्या यंत्रानं मला ओळख दिली नाही. तीनदा तोंड पुढे केलं, तिन्ही वेळा लाल दिवा. यंत्राची तरी काय चूक? उजवा डोळा मोदकासारखा मिटलेला आणि वरचा ओठ बाकीच्या चेहऱ्याच्या दोन पावलं पुढे चाललेला. साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा मांडायला लावली. ती माझ्या खात्यात पडली. खरं म्हणजे शेजारच्या काकाजींच्या खात्यात पडायला हवी होती.

माझ्या गच्चीवर सातेरी जातीच्या मधमाश्यांची एक पेटी आहे. नेहमीची चौकटींची नव्हे, आडव्या पट्ट्यांची. केनियात 1970 च्या दशकात रूढ झालेला प्रकार. गव्हाणीसारखी, खाली निमुळती होत जाणारी लांबट पेटी, वर एकीला एक लावून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या. चौकट नाही की तयार मेणपत्रा नाही, माशी आपल्याच मेणानं पट्टीखाली पोळं लोंबतं बांधते. म्हणून 'नैसर्गिक'. या शब्दावर मी भाळलो आणि याच शब्दानं माझा घात केला.

आम्ही पाच-सहा हौशी रविवारी फुटाळा तलावाजवळ तर्री-पोहे खात एकमेकांना शहाणं करतो. एक म्हणतो, धूर अजिबात नको, पाण्याचा फवारा मारा. दुसरा गोवरीच्या धुराखेरीज पेटीला हात लावत नाही. तिसऱ्याच्या मते पेटी उघडणं हेच मुळी अनैसर्गिक. (त्याच्या पेटीतल्या माश्या पावसाळ्यात निघून गेल्या, हे त्याला दिवाळीत कळलं.) एकमत फक्त पट्टीच्या रुंदीवर. इटालियन माशीला 35 मिलिमीटरच्या आसपास, आपल्या सातेरीला 30. आणि नेमकं तेच माझ्या सुताराला पटलं नाही. "पट्टी 35 चीच येते साहेब," म्हणाला, आणि ठोकून दिली. मग माश्यांनीही पट्टीचा नाद सोडला आणि एकच पोळं तीन पट्ट्यांवर तिरकं घातलं.

ते मी या रविवारी सोडवत होतो. पेटीच्या भिंतीला चिकटलेलं पोळं सुरीनं खालून वर कापायचं असतं. वरून दाबलं तर नवं मेण तुटून पडतं. मार्चअखेरचं नागपूर, सकाळचे आठ, आणि मेण आत्ताच लोण्यासारखं. एवढ्यात कठड्यावर काकाजी उगवले. बनियन, खांद्यावर दुपट्टा, चतुर्थीचा उपास, आणि हातात केळ्यांची फणी.

"काय करून राहिले, भाऊ?"

"पोळं सरळ करतोय, काकाजी."

"सरळ? तुमीच तं सांगत होते, नैसर्गिक हाय म्हणून! माशीले वाकडं वाटलं, तिनं वाकडं बांधलं. तुमाले काहून तरास?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही. त्याचाच जास्त राग आहे.

"आमचे मामाजी आग्यामोहोळ काढत," काकाजी एक केळं सोलत म्हणाले. "जाळी नाई, हातमोजे नाई. अंगावर नुसतं धोतर."

"मग माश्या चावायच्या नाहीत?"

"चावे ना. मामाजी सांगत नव्हते."

इथे केळ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मधमाशी डंख मारते तेव्हा बाकीच्यांना हाक देणारा एक वास सोडते. त्यातलं मुख्य द्रव्य पिकल्या केळ्यातही असतं. केळं खाऊन पेटीजवळ जाऊ नये, हे आमच्यातला नवखाही जाणतो. आणि काकाजी दुसरं केळं सोलून कठड्यावरून कमरेपर्यंत वाकले होते.

"काकाजी, केळं!" मी जाळीतून ओरडलो.

"हाव, केळंच हाय. घेता का?"

"नको! लांब ठेवा!"

"काय म्हणता? ते जाळी काढा ना तोंडावरची, नुसती गुणगुण ऐकू येते."

मी काढली. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. समोर वडीलधारा माणूस कानाला हात लावून उभा असला की आपण अशीच काढतो.

पहिली पापणीवर बसली. तिचा काटा रुतून राहतो, तो लगेच नखानं खरवडायचा असतो, पण माझी नखं मधात बुडालेली. दुसरी ओठावर. तिसरीच्या वेळी हातातली पट्टी आडवी झाली आणि पोळं देठातून तुटून गच्चीवर फसकन पडलं. काकाजींना एकही चावली नाही. केळं संपवून ते म्हणाले, "माशीले माणूस कळते, भाऊ."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचलं. सोमवारी भाजीवाल्यानंही ऐकवलं.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. याच गल्लीतल्या एका इमारतीवर पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ होतं. कुणाला चावलं नव्हतं. एका रात्री टेंभा लावून जाळलं. सकाळी जिन्यावरून माश्या सुपात भरून कचऱ्यात टाकल्या. त्याच इमारतीतली माणसं मला लिफ्टमध्ये गाठून विचारतात, घरचा मध मिळेल का? दिला, आणि थंडीत गोठला, की म्हणतात साखर घातली. मध गोठतोच हो, नुसत्या मधातही ग्लुकोजचे खडे होतात. पण सांगणार कुणाला?

रात्री पडलेलं पोळं चुरून फडक्यातून गाळलं. वाटीभर निघाला. एका डोळ्यानं गाळत होतो, तर दारात काकाजी. हातात खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली.

"काकूले खोकला हाय. पोळं तं पडलंच होतं ना तुमचं?"

बाटली अर्धी भरून दिली. त्यांनी ती दिव्याकडे धरून निरखली. मग खिशातून माचिस काढली, काडीचं टोक मधात बुडवलं आणि काडेपेटीवर ओढलं. काडी पेटली तर मध खरा, अशी लोकांची समजूत. काडी पेटली.

"पेटली," मी म्हणालो.

काकाजी ज्योतीकडे पाहत राहिले. "पेटली खरी," ते म्हणाले, "पण हे माचिसच चांगली असन."