रव्यानं मुंग्या मरत नाहीत

पहिला पाऊस पडला की आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: उंबऱ्यावर कोरडा रवा टाका, मुंग्या तो खातात, पोटात फुगतो अन् त्या फुटून मरतात. हे खरं नाही.

पूर्ण वाढ झालेली मुंगी घट्ट कण गिळूच शकत नाही. तिच्या बारीक कमरेतून फक्त पातळ अन्न जातं. रव्याचा कण ती उचलून वारुळात नेते, तिथं अळ्या तो खातात. म्हणजे आपण त्यांची पिल्लं पोसतो. मी स्वतः चुलीपाशी चमचाभर रवा टाकून पाहिला. सकाळी रवा साफ, अन् गुळाच्या डब्याकडं रांग तशीच.

कॅरमवर टाकतात ती बोरिक पावडर मात्र कामाची आहे. कपभर पाण्यात चार चमचे साखर अन् अर्धा चहाचा चमचाच पावडर. जास्त टाकली तर मुंगी वाटेतच मरते, वारुळापर्यंत काही पोचत नाही. कापसाचा बोळा भिजवून रांगेशेजारी ठेवा. आठवडाभर धीर धरा. लेकरं, कोंबड्या, कुत्री यांचा हात-तोंड लागणार नाही अशी जागा पाहा.

अन् कळकळीची विनंती: कपाशीचं उरलेलं औषध घरात शिंपडू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेही उघड्या शेतात. थिमेट, म्हणजे फोरेट हे कीटकनाशक, तर 2020 अखेरपासून देशात बंदच आहे. कोणाच्या कोठ्यात जुनी पुडी असेल तर धान्यापासून लांब ठेवा अन् कृषी सहायकांना विचारा.