येशूचा तो हात मृतसंजीवनी मुद्रा नाही

परवा रात्री आत्याच्या छातीत भरून आलं. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेली बाई, पण कुणाला हाक न मारता वीस मिनिटं बोटं जुळवून बसून राहिली. कारण आमच्या फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड: 'चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रात येशूच्या हाताची मृतसंजीवनी मुद्रा पाहा! हार्ट अटॅक तत्काळ थांबतो. ही भारतीय विद्या युरोपातल्या गुप्त संघटनांनी लपवली.'

खाली इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं, अम्माऊस गावातल्या भोजनाचं चित्र, १६०१ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. अहो, ते जरा मोठं करून तरी बघायचं! मृतसंजीवनीत तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी दुमडतात, मधलं बोट आणि अनामिका अंगठ्याच्या टोकाला लावतात. इथे येशूचा उजवा हात टेबलावरून थेट आपल्याकडे येतोय, पंजा उघडा, बोटं सैल. तो भाकरीला आशीर्वाद देतोय. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात नेमकं याच वेळी शिष्यांना कळतं, की वाटेत भेटलेला हा परका माणूस म्हणजे क्रुसावर गेलेले आपले गुरुजी. म्हणून एक जण खुर्चीवरून उठू बघतोय, दुसऱ्याचे दोन्ही हात क्रुसासारखे फाकलेत. यात औषध कुठे दिसलं? रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी बोटं जुळवून सुटत नाही. आपण मुद्रा धरून बसतो तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो.

गुप्त संघटनांचं म्हणाल, तर फ्रीमेसनांची पहिली ग्रँड लॉज, म्हणजे मध्यवर्ती संस्था, १७१७ ची, इल्युमिनाटी १७७६ ची. काराव्हाज्जो १६१० मध्येच वारला.

राहिली 'भारतीय विद्या'. जुन्या चित्रांतले काही हात आपल्या मुद्रांसारखे दिसतात, त्यांना ठरलेले अर्थही असत, हे मान्य करावं लागेल. पण त्यासाठी भारतापर्यंत यायला नको: रोमन वक्तृत्वगुरू क्विंटिलियननं पहिल्या शतकातच, आपल्या ग्रंथाच्या अकराव्या भागात, वक्त्याचा सगळ्यात नेहमीचा हात वर्णन केलाय: मधलं बोट अंगठ्याकडे वळवलेलं, बाकी तीन सरळ. १६४४ मध्ये लंडनच्या जॉन बुल्वरनं हातांच्या खुणांचं सचित्र पुस्तकच छापलं. लपवायचं असतं तर छापलं कशाला असतं?

आत्याचा ईसीजी सुदैवानं ठीक निघाला. ज्यानं हा फॉरवर्ड टाकलाय त्यानं तो आजच्या आज काढावा. तिच्या फोनवर मी रुग्णवाहिकेचा १०८ नंबर सगळ्यात वर लावून दिलाय आणि बोट कुठे दाबायचं ते तिच्याकडून दोनदा करून घेतलंय.