सुट्ट्या पैशांतील ‘चांदी’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

मुंबईतील व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. भाजीवाल्याकडून किंवा बसच्या वाहकाकडून मिळालेल्या सुट्ट्या पैशांत चांदीसारखे नाणे दिसले तर त्याला चुंबक लावा. चिकटले नाही, तर ते चांदीचे, असे तो सांगतो. खाली १९४७ चा वाघाचा रुपया, १९६४ चा नेहरूंचा रुपया आणि सालाखाली हिऱ्याची खूण असलेली ‘दुर्मीळ’ नाणी यांची यादी असते. नाणे चिंचेने घासून पाहावे आणि रिझर्व्ह बँकेकडून लाखो रुपये मिळवावेत, असा सल्लाही असतो.

चांदी चुंबकाला चिकटत नाही, हे खरे आहे. मात्र न चिकटणारा प्रत्येक धातू चांदी नसतो. १९७५ पासून निघालेला, १९९२ मध्ये स्टीलचे नाणे येईपर्यंतचा रुपया आणि नंतरचा अकरा कोनांचा दोन रुपयांचा शिक्का हे दोन्ही तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे आहेत. त्यांत तीन चतुर्थांश तांबे असल्याने चुंबक त्यांना ओढत नाही. त्यामुळे चिकटलेले नाणे चांदीचे नाही एवढेच ही चाचणी सांगते.

गंमत म्हणजे संदेशातील यादी संदेशाच्याच कसोटीवर नापास होते. वाघाचा रुपया आणि नेहरूंचा रुपया दोन्ही निकेलचे आहेत आणि निकेल चुंबकाला झटकन चिकटते. १९३९ पर्यंतच्या राणी छाप व राजा छाप रुपयांत सुमारे ९२ टक्के चांदी होती. महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, ती निम्म्यावर आली आणि १९४७ च्या रुपयात ती मुळीच उरली नाही. वाघाच्या रुपयाचे वजन मात्र जुन्या रुपयाइतकेच, ११.६६ ग्रॅम म्हणजे एक तोळा असल्याने नुसत्या वजनकाट्यावर विसंबणारा सहज फसतो.

खात्री करायची तर ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेले नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवावे. राणी छाप रुपयाने आकडा साधारण १.१३ ने वाढतो, निकेलच्या वाघाच्या रुपयाने १.३१ ने. चांदी निकेलपेक्षा जड असल्याने तेवढ्याच वजनाचे नाणे कमी पाणी सारते.

हिऱ्याच्या खुणेबद्दल फार बोलण्याची गरज नाही. ती फोर्टमधील मुंबई टांकसाळीची खूण आहे. या शहरात तिचे अप्रूप वाटण्याचे कारण नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती शुल्क वा कमिशन घेत नाही. तिच्या नावाने कोणी आगाऊ पैसे मागत असेल, तर तो भामटा आहे.

राहिली चिंच. तिने तांबे-निकेलही उजळते, त्यामुळे धातूचा उलगडा होत नाही. उलट नाणे खरेच राणी छाप निघाले, तर घासल्याने झिजलेल्या नाण्याला संग्राहक कमी भाव देतात आणि झवेरी बाजारात फक्त त्यातील चांदीचे पैसे हाती येतात.