लाइट थेरपीच्या चष्म्याविषयीच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानातून घेतलेला लाइट थेरपीचा (डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकणारा) चष्मा तीन आठवडे रोज सकाळी सात वाजता अर्धा तास लावूनही झोप सुधारण्याऐवजी बिघडली, चिडचिड वाढली आणि वस्तू परत करायला आल्यावर 'खोके उघडलेले आहे' म्हणून आपल्याला माघारी पाठवले, असे आपण लिहिले आहे. वाचताना माझी नजर एका वाक्यावर अडली : आपण रात्रपाळी करून साडेसहाला घरी येता, चहा घेता घेता चष्मा लावता आणि आठला झोपायला जाता.

यात चूक आमच्या माहितीपत्रकाची आहे. मूळ इंग्रजी पत्रकात हा चष्मा 'झोपेतून उठल्यावर' लावावा असे आहे. त्याचे मराठी करताना मी 'सकाळी ७ ते ८' असे लिहून टाकले. दिवसा काम करणाऱ्याचे त्याने काही बिघडत नाही, पण आपल्याला मात्र नेमका झोपेच्या तोंडावर प्रखर प्रकाश मिळत राहिला. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नसून मेंदूतील घड्याळाला दिवस-रात्र कळवण्यासाठी असतात, आणि ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळसर प्रकाश त्यांना सर्वाधिक जागे करतो. त्यामुळे आठ वाजता अंथरुणावर पडल्यावर आपला डोळा लागला नाही, यात नवल नाही. विक्रीच्या वेळी 'आपली पाळी कोणती?' एवढेही आमच्याकडून विचारले गेले नाही, याची मला अधिक खंत वाटते.

'आत दीडशे रुपयांचा एलईडी आहे' हा आपला आरोप मात्र मला मान्य नाही. दिव्याची किंमत कमी असेलही, पण तो कोणत्या रंगाचा आहे आणि डोळ्यापासून किती अंतरावर, कोणत्या कोनात बसवला आहे, यावर परिणाम ठरतो. मनःस्थिती सुधारण्याच्या आमच्या दाव्याला आधार नाही, असे आपण लिहिले ते मात्र बरोबर आहे. प्रकाशोपचाराची सुरुवात १९८०च्या दशकात अमेरिकेत हिवाळ्यातील नैराश्यावर झाली आणि त्यातला भक्कम अनुभव आजही प्रामुख्याने त्याच आजाराचा, तोही टेबलावर ठेवायच्या १०,००० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचे एकक) दिव्यांचा आहे. पुण्यात बसून 'सात दिवसांत मन प्रसन्न' असे छापणे हा आमचा आगाऊपणा होता. ती ओळ काढली आहे. बायपोलर आजार (मन कधी अतिउत्साही, कधी अतिखिन्न होण्याचा विकार) किंवा डोळ्याच्या पडद्याचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज चष्मा लावू नये, ही सूचना आता बारीक अक्षरांतून उचलून पहिल्या पानावर घेतली आहे.

रात्रपाळी चालू राहणार असेल, तर प्रखर प्रकाश पाळीच्या पहिल्या काही तासांत घ्यावा, कंपनीच्या गाडीने घरी येताना गडद गॉगल लावावा (स्वतः गाडी चालवत असाल तर मुळीच नको) आणि झोपायच्या खोलीला जाड पडदे असावेत. दुपारी उठल्यावर गच्चीत अर्धा तास बसलात तरी उजेड भरपूर मिळेल, आणि तो फुकट आहे. विक्रेत्याने हे सांगू नये, पण खरे तेच आहे.

खोके नसले तरी चालेल, चष्मा आणि चार्जर घेऊन या. पूर्ण रक्कम त्याच दिवशी परत मिळेल. आपण दुपारी तीनला उठता, त्यामुळे संध्याकाळी पाचनंतर आलात तर मी स्वतः काउंटरवर असेन.

आपला,
दुकानमालक