रत्नेश्वराचं देऊळ अहिल्यादेवींच्या शापाने कललेलं नाही

आत्याच्या भजनी मंडळाची काशीयात्रा ठरली आहे आणि त्यांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: काशीच्या मणिकर्णिका घाटाजवळचं रत्नेश्वर महादेवाचं देऊळ ५०० वर्षं जुनं, ७४ मीटर उंच आणि पिसाच्या मनोऱ्यापेक्षा जास्त कललेलं आहे. अहिल्याबाई होळकरांच्या रत्नाबाई नावाच्या दासीने ते बांधलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं, म्हणून चिडून अहिल्याबाईंनी शाप दिला. तेव्हापासून देऊळ वाकडं, तिथे पूजा होत नाही, विज्ञानाला कारण सापडत नाही आणि युनेस्कोने जागतिक वारसा यादीतून ते मुद्दाम डावललं आहे. आत्याने मला विचारलं, "अहिल्यादेवी अशा होत्या का रे? मग तिथे हात जोडायचे की नाही?" तिला हा प्रश्न पडावा याचाच मला संताप आला.

शापाचं आधी बघू, कारण सगळ्यात वाईट थाप ती आहे. अहिल्यादेवी वारल्या १३ ऑगस्ट १७९५ रोजी. महसुली नोंदींनुसार हे देऊळ १८२५ ते १८३० या काळातलं, म्हणजे त्या गेल्यानंतर तीस वर्षांनी उभं राहिलेलं. बरं, नोंदी बाजूला ठेवू आणि देऊळ त्यांच्या हयातीतलं धरून चालू. तरी १८६०च्या दशकात काढलेली घाटाची छायाचित्रं उपलब्ध आहेत आणि त्यांत हे देऊळ सरळ उभं आहे. शाप देणारी व्यक्ती जाऊन पासष्ट-सत्तर वर्षं उलटली तरी देऊळ कललेलं नव्हतं. या एका पुराव्यावर सगळी गोष्ट निकालात निघते. ती छायाचित्रं इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. फॉरवर्ड करण्याआधी कुणी दोन मिनिटं काढली असती तरी पुरलं असतं.

आणि ही गोष्ट कुणाच्या नावावर खपवली जाते आहे? १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने पाडलेलं विश्वनाथाचं देऊळ शंभर वर्षांहून अधिक काळ पुन्हा उभं राहिलं नव्हतं. ते १७८०च्या सुमारास अहिल्यादेवींनी बांधलं. मणिकर्णिकेच्या घाटाचा जीर्णोद्धार त्यांचाच, गयेचं विष्णुपद मंदिर त्यांचंच, सोमनाथालाही देऊळ त्यांनीच उभारलं. यातला मोठा खर्च राज्याच्या खजिन्यातून नाही, तर होळकरांच्या खासगी उत्पन्नातून झाला. त्या बाईला एका दासीने महादेवाचं देऊळ बांधलं म्हणून मत्सर वाटला, असं आपण त्यांच्याच महाराष्ट्रात, त्यांच्याच फोटोखाली लिहून पाठवतो. त्या दासीचं तरी काय चुकलं? लिंग स्थापन करणाऱ्याचं नाव देवाला देण्याची रीत जुनी आहे, त्यात गर्व नाही. शिवाय रत्नेश्वर हे नाव स्कंदपुराणातल्या काशीखंडातच येतं, तिथे त्याची कथा हिमालयाने आणलेल्या रत्नांशी जोडलेली आहे. ते नाव दासीवरूनच पडलं असेल असंही नाही.

अकबराच्या दरबारातल्या राजा मानसिंहाच्या सेवकाने आईचं ऋण फेडायला देऊळ बांधलं आणि ते ऋण फिटत नाही म्हणून ते कललं, अशीही एक आवृत्ती फिरते. मानसिंह वारला १६१४ साली. पुढे बोलायची गरज नाही.

"५०० वर्षं जुनं" आणि "अहिल्याबाईंची दासी" ही दोन वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत. अहिल्यादेवींचा जन्म १७२५चा. लिहिणाऱ्याने साधी वजाबाकीसुद्धा केलेली नाही. ७४ मीटर उंचीचंही तेच. कुतुबमिनार साधारण ७३ मीटरचा आहे आणि पिसाचा मनोरा ५६ च्या आसपास. रत्नेश्वराचं देऊळ तेरा मीटरच्या आसपास भरतं. घाटाच्या पार तळाशी ते आहे.

कल मात्र खरा आहे, हे मान्य करायला हवं. सुमारे नऊ अंश, म्हणजे पिसापेक्षा नक्कीच जास्त.

पण त्याचं कारण गूढ नाही. हे देऊळ नदीच्या पात्रालगत गाळाच्या जमिनीवर आहे आणि वर्षातले कित्येक महिने गाभाऱ्यात पाणी आणि चिखल असतो. शेजारचाच शिंदे घाट बघा. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३०च्या सुमारास तो बांधायला घेतला, आणि तो इतका जड झाला की खचून नदीत उतरला. या बायजाबाई आपल्या कागलच्या घाटग्यांच्या लेक. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ साली त्यांनीच उभारला. त्यांच्या घाटाला कुणाचा शाप होता, हे फॉरवर्ड लिहिणारे सांगत नाहीत. भार मोठा आणि खालची माती कच्ची, एवढंच तिथे घडलं.

पूजा होत नाही, हेही उगाच. १८२०च्या दशकात बनारसच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप अधिकारी होता, पुढे ब्राह्मी लिपी उलगडली तोच. त्याने काशीच्या घाटांची चित्रं काढली, त्यांत हे देऊळ आहे. दार पाण्याखाली गेलं की पुजारी बुडी मारून आत जातो आणि पूजा करतो, असं त्याने नोंदवलं आहे. शापित देवळात जीव धोक्यात घालून कुणी पूजेला जात नाही.

युनेस्कोचा मुद्दा दोन ओळींत संपतो. वारसा यादीसाठी नाव ज्या त्या देशाने पाठवायचं असतं. काशीचा नदीकाठ २०२१ पासून भारताच्या संभाव्य यादीत आहे. तेव्हा डावललं कुणी?

आणि पिसाशी बरोबरी करायचीच तर पुरती करावी. तो मनोरा १९९० साली लोकांसाठी बंद केला, वर उचललेल्या बाजूची माती थोडी थोडी काढली आणि कल सुमारे ४५ सेंटीमीटरने कमी करून २००१ साली तो पुन्हा उघडला. इकडे २०१५ साली रत्नेश्वराच्या शिखरावर वीज पडून त्याचा काही भाग दुखावला. पाया किती खचला आहे, कल दरवर्षी वाढतो आहे का, शिखराचे दगड सैल आहेत का, हे नियमितपणे मोजून लोकांसमोर ठेवावं, अशी मागणी करणारा एकही मेसेज आत्याच्या ग्रुपवर आलेला नाही.